समासातली ओळ

कुरखेड्याच्या दवाखान्यातली सोनोग्राफीची खोली
एरवी कुलपात असते.
दारावर पाटी : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
किल्ली अधीक्षकांच्या खणात,
यंत्राची नोंद तीन रजिस्टरांत,
जणू जामिनावर सुटलेला आरोपी.

त्या शनिवारी दार उघडं होतं.
नागपूरहून कोहळे मॅडम आल्या,
डिकीत स्टीलचे चार डबे :
घरच्या गॅसवर रात्री शिजवून थिजवलेलं
जिलेटीन आणि इसबगोल,
आत सलाइनच्या नळ्या, कुंकवाच्या पाण्यानं भरलेल्या.
"हा दंड समजा," म्हणाल्या.
आम्ही सात जण डब्यांवर ओणवे.

खिडकीला ऑपरेशनचं हिरवं कापड. जेल गार.
मग मॅडमनी स्वतःचीच बाही वर केली.
पडद्यावर राखाडी धुरळा, त्यात दोन काळी वर्तुळं.
"दाबा. मुकाट चपटी होते ती शीर.
दबत नाही, उलट ठोके देते, ती धमनी.
तिच्या वाटेला जायचं नाही."
"घरोघरी असंच असते जी,"
बेबीताई खोब्रागडे म्हणाल्या, आणि खोली हसली.

बेबीताईंची नोकरी सव्वीस वर्षांची.
शीर शोधताना त्या डोळे मिटतात.
लाखोळीच्या शेंगेत दाणा भरला की नाही
हे न सोलता कळावं
तसं त्यांच्या अंगठ्याला कळतं.
इथं मात्र,
"हाताकडे नको ताई, पडद्याकडे."
पहिल्यांदा सुई डब्याच्या तळाला टेकली.
दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा त्यांनी प्रोब खाली ठेवला
आणि चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

मॅडमनी त्यांच्या मनगटाखाली आपलं मनगट दिलं.
"सुई नाही दिसत. टोक दिसतं, एक पांढरा ठिपका.
प्रोब जरा पुढे, ठिपका जातो.
सुई जरा पुढे, ठिपका येतो.
ठिपका दिसत नसेल आणि तुम्ही सुई ढकलली,
तर तुम्ही फक्त घाई करताय."

संध्याकाळी भोकाभोकांचं ते जिलेटीन
मागच्या नालीपाशी टाकलं.
कुत्र्यानं हुंगलं, सोडून दिलं.

दहाव्या दिवशी, रात्री अडीचला
सुकमती उसेंडी आली. वय बारा.
सिकलसेलचं कार्ड घामानं मऊ,
गुडघे पोटाशी,
हातांवर जुन्या सुयांचे वण,
शिरा वापरून वापरून दोऱ्यासारख्या.
अधीक्षकांना फोन. किल्ली. रजिस्टर.
'शीर शोधणे' हे कारण छापील रकान्यात बसेना,
मी समासात लिहिलं.
पोटातली मुलगी ज्यानं ओळखायची नाही
ते यंत्र ढकलत मुलीच्या खाटेशी नेलं.

मी बसलो. ठिपका आला, हरवला,
आणि हरवलेला असतानाच
मी सुई पुढे नेत होतो.
"थांबा जी, सर," मागून बेबीताई.
"तुम्ही हाताकडं पायता."

मी उठलो.
त्यांनी आधी डोळे मिटून अंगठा फिरवला,
मग डोळे उघडले
आणि अंगठा होता तिथंच प्रोब ठेवला.

सुकमतीनं मान वळवली.
"हे माह्यं हाय?"
"तुझंच."
"मंग काळं काऊन? रगत त लाल रायते."
कुणी बोललं नाही.
प्रोब जरा पुढे. सुई जरा पुढे.
काळ्याच्या मधोमध पांढरा ठिपका येऊन थांबला
आणि इकडे, कॅन्युलाच्या शेपटीत, लाल चढलं.
तिनं ते पाहिलं.
"दोन," ती म्हणाली.
मागच्या खेपेचे तिला नऊ आठवत होते.

सकाळी किल्ली परत केली.
कारकुनानं समासातली ओळ दोनदा वाचली,
खोडली नाही.
पट्टी काढली, पेन्सिलीला टोक केलं,
विचारलं, याच्यासाठी वेगळा रकाना आखू का?