गुडघ्याचा काही दोष नव्हता

तेराव्या वर्षी गुडघा दुखायला लागला.
म्हणून गुडघ्याला तेल, गुडघ्याला शेक,
गुडघ्याला मेडिकलवाल्याकडची बदामी निकॅप,
आणि फोटोही गुडघ्याचाच.
फोटो स्वच्छ आला.
"वाढीचं दुखणं," शेजारच्या जगझापकाकू म्हणाल्या,
आणि ते खरंच होतं, वेगळ्याच अर्थानं.

बाबा म्हणाले, चाल. चालून चालून मोकळा होईल.
सातपूर कॉलनीतून रोज संध्याकाळी त्र्यंबक रोडला,
मी एक पाय बाहेर फाकवून,
ते दोन पावलं पुढं, मागं न बघता.

खुब्यात वाढीची एक कच्ची चकती असते.
तिच्यावरून मांडीच्या हाडाचं डोकं
रोज केसभर घसरत होतं
आणि गुडघा बोंबलत होता,
चुकीच्या घरी तक्रार घेऊन गेलेल्या पोरासारखा.

मग एक स्क्रू.
जिथवर घसरलं, तिथंच धरून ठेवलं.
सरळ करायला गेलं तर रक्तपुरवठा तुटू शकतो, डॉक्टर म्हणाले.
बाबांनी फिल्म खिडकीकडे धरली.
लेथवर बावीस वर्षं उभा राहिलेला माणूस.
"अलाइनमेंट आउट आहे," एवढंच,
आणि पाकिटात घालताना फिल्म उलटी घातली.

आता मी सत्तावीस.
नाडी बांधायला वाकलो की गुडघा
आपणहून बाहेर पळतो, काखेच्या दिशेनं.
मखमलाबादला मावशीकडच्या पंगतीत खुर्ची मागितली,
तर म्हणाले, पोरगं फार मोठं झालं.
बुटक्या गाडीत बसताना जांघेत
कुणीतरी दार लावतं,
बोट आत असताना.

आज कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टर पिंगळेंनी
पाय दुमडला, आत वळवला.
वळलाच नाही.
"हाडाच्या मानेवर उंचवटा राहिलाय.
वाकलात की खोबणीच्या काठावर आदळतो. काठ झिजतोय.
तो तासून काढू."

तासून.
बाबांनी मान वर केली.
"किती?"
"सहा-सात मिलिमीटर."

रिक्षात ते काही बोलले नाहीत.
मायको सर्कल गेलं, एबीबी सर्कल गेलं.
मांडीवर त्यांचा हात, अंगठा आणि तर्जनी,
मध्ये हवेचा एवढासा तुकडा.
व्हर्नियर लावला असता
तरी सहा-सातच भरला असता.
खड्डे आले. तुकडा हलला नाही.

उतरताना माझा पाय रिक्षाच्या कडेला अडला,
तेव्हा कुठं ती बोटं सुटली.
"दमानं," म्हणाले,
आणि मी उतरेपर्यंत तिथंच उभे राहिले.