मिरचीचे दिवस

डिसेंबर लागला की नंदुरबारात
डोळे लाल का, असं कुणी कुणाला विचारत नाही.
गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची पसरलेली,
वारा फिरला की अख्खी तिसरी एका दमात शिंकते,
आणि ज्याला रडायचंय
त्याला आयतं कारण मिळतं.

'डोयामा मिरची गई, बाई.'
अकरा वर्षं हेच ऐकते आहे.
कोणत्या डोळ्यात खरंच मिरची गेलीय
ते ओळखण्याचा मला पगार मिळतो.

खोलीला खोली म्हणायचं म्हणून.
खिचडीच्या तांदळाची पोती, एक सतरंजी,
भिंतीवर जुना नकाशा,
ज्यात नंदुरबार अजून धुळ्याच्या पोटातच आहे.
दारावर भामरे सरांनी हौसेनं रंगवून घेतलं : समुपदेशन कक्ष.
पहिलीतल्या पोरांना ते जोडाक्षर झेपत नाही.
ती विचारतात, 'गोण्यांच्या खोलीत जाऊ?'

भामरे सर माणूस चांगला.
महिनाअखेरी फक्त एवढंच विचारतात,
'बाई, किती सुधारली?'
जणू मी पंखे दुरुस्त करते.
नोंदवहीत रकाने आहेत : नाव, समस्या, उपाय, निकाल.
निकालात मी लिहिते : चालू आहे.

एकाला म्हटलं होतं, कुणाला सांगणार नाही.
सांगितलं. सांगावंच लागतं असं.
आता तो मला पाहून रस्ता बदलतो.
गालावर वळ नसतात हल्ली,
एवढं मात्र मी लांबूनही बघून घेते.

मग सेवंती भोई.
सलग तीन दिवस मधल्या सुट्टीत आली,
पोत्यावर बसली,
भोकातून एकेक दाणा काढून
सतरंजीवर ओळ लावत राहिली.
मी काही विचारलं नाही.
विचारलं की पोरं उत्तर देतात,
आणि उत्तर देऊन सुटतात.
मीही शेजारी दुसरी ओळ लावायला घेतली.

चौथ्या दिवशी, ओळ न मोडता, म्हणाली,
'मनी माय माले हात लावत नई.'

दिवाळीपासून वेणी नाही.
झोपताना पाठीवर थोपटणं नाही.
जवळ गेली की आई हात मागे घेते.
मी मनातल्या मनात काय काय लिहून टाकलं :
नवं बाळ, दारू, दुसरं घर, आजार,
प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं.

शनिवारी शाळा सुटल्यावर पथारीवर गेले.
पदरानं तोंड बांधलेल्या पन्नासेक बाया,
देठं खुडत बसलेल्या.
सेवंतीची आई उठली नाही.
दोन्ही हात उलटे करून नुसते दाखवले :
बोटांची सालं निघालेली,
नखांभोवती लाल कडा.
'कशी लावू, बाई?
एकदाव तिना तोंडवरथीन हात फिरावा,
रातभर रडनी पोर.'

म्हणजे मिरचीच होती.

मी तिथेच बसले. शिंका आल्या. डोळे पुसले,
आणि पुसायचे नसतात हे उशिरा आठवलं.
बाया हसल्या. तीही हसली.
निघताना म्हणाली, 'तुम्हीच सांगा ना तिला.'
नाही म्हटलं.
हे माझ्या तोंडून गेलं तर शाळेतला धडा होईल.
तुम्ही सांगा. हात दाखवा.
कोपर तर बरं आहे ना, कोपरानं जवळ ओढा.

सोमवारी सेवंती आली ती
स्वतःच घातलेली वेणी घेऊन,
एका कानावर फुगलेली, दुसऱ्या बाजूला निसटलेली.
गोण्यांपाशी थांबली नाही.
दारातूनच म्हणाली,
'रातले मायना हातले मी तेल लाव.'
डोळे लाल होते.
विचारायच्या आधीच सांगितलं : मिरची.

या वेळी मी विश्वास ठेवला.

नोंदवहीत समस्येच्या रकान्यात तेच लिहिलं, मिरची.
भामरे सर चष्मा वर करून म्हणाले,
'हे काय, बाई?'
मी खडूचा खोका उचलला.
बाहेर पुन्हा वारा फिरला होता,
आणि दुसरीतला एक मुलगा
कोपऱ्यात उभं राहून
सगळे शिंकत असताना
शिंकत नव्हता.