एक्केचाळीस सेकंद

अण्णा सुट्टीवर आला त्या आठवड्यात
विडी घरकुलात लाइट दुपारी दोनला जायची, चारला यायची.
बटणं चालूच असतात. लाइट आली की
गल्लीतले सगळे माग एकदम उठतात. खटक खटक.
नवा माणूस दचकतो.
अण्णा नवा नाही, याच आवाजात पाळण्यात झोपलाय तो.

तरी पहिल्या दिवशी चारला
मी कांडी बदलून वर बघतो तर ताट आहे, अण्णा नाही.
कडक भाकरीवर शेंगाचटणीचं तेल अजून पसरतंय,
आणि तो पाण्याच्या टाकीमागे उकिडवा,
पोटाशी बोगांची भार्गवी,
तिच्या डोक्यावर त्याचा पंजा, हेल्मेटसारखा.
पोरगी खिदळत होती. तिला वाटलं लपाछपी.

रात्री गच्चीवर म्हणाला,
तिकडे सुदानातही आपल्यासारखीच काळी माती आहे बे,
पावसात बूट ओढून घेते.
भोंगा कधीही वाजायचा. जेवताना. अंगाला साबण असताना.
बूट, जाकीट, हेल्मेट, रायफल, पोत्यांची भिंत.
सुभेदार घड्याळ धरून उभा:
"सत्तावन्न. मेलात. परत झोपा."
"पन्नास. अर्धे मेलात."
महिन्यानं एक्केचाळीस.
"जगलात. चहा प्या."

नाना अंधारात विडी शिलगावत म्हणाले,
आमचा गिरणीचा भोंगा आत बोलवायचा.
उशीर झाला तर खाडा. मरत नव्हतं कुणी.
मग जरा थांबून: लगेच नाही.

मी विचारलं, आईनं दिलेली मोरांची चादर?
अण्णा जिन्याकडे बघून हळूच बोलला,
अंगावर घेतली की दोन सेकंद खाते.
पायात गुंतते.
म्हणून खाली अंथरली. तिला सांगू नकोस.
हिवाळाभर मोरांवर झोपलो.

आणि खरं कधी झालं?
झालं एकदा.
किती लागले?
सदतीस.
एवढ्या वेळात मी तुटलेला एक धागाही जोडत नाही.
शाब्बास म्हणणार होतो.
तो गच्चीच्या कठड्याचा चुना नखानं खरवडत राहिला.
फाटकाबाहेर बायका सरपण घेऊन येत होत्या, म्हणाला,
त्यांचा सराव कुणी घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं असताना
भार्गवी आईचा मोबाइल घेऊन दारात हजर,
घड्याळ लावून:
काका, आज किती?
त्यानं तिला उचललं, टाकीपर्यंत पळाला,
आणि मुद्दाम, मला दिसलं, मुद्दाम हळू पळाला.

तो गेला परत.
आता लाइट गेली की मी सगळी बटणं बंद करतो,
आणि आली की आधी ओरडतो:
चालू करतोय हां!
घरात ऐकायला आई एकटी.
ती मोजत असलेल्या चादरींची थप्पी विसरते,
पुन्हा एकपासून मोजायला लागते.