पार्श्वसंगीताविरुद्ध

काल खिमेना मला त्या वर्षांवरचा नवा सिनेमा बघायला घेऊन गेली.
मऊ खुर्च्या, पायाशी ऊब.
पडद्यावर रात्र. शिपाई जिना चढतात,
आणि दार ठोठावायच्या आधीच
चाळीस व्हायोलिनं रडायला लागतात.

मी कोट घातला.
'आजी, अजून अर्धा तास आहे.'
असू दे.

आमच्याकडे ठोठावलं तेव्हा व्हायोलिन नव्हतं.
फ्रीज घुरघुरत होता.
वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली
आणि मग हळूच, न वाजवता, परत जागेवर ठेवली.

माझी मतं थोडी आहेत आणि हट्टी आहेत.
कांदा चिरून रडवणाऱ्याला मी आचारी म्हणेन, दिग्दर्शक नाही.
कधी हसायचं, कधी डोळे पुसायचे हे जो वरून ठरवून देतो
त्याच्या खांद्यावर मला फिती दिसतात,
मग तो डावा असो, उजवा असो
की नुसताच संगीतकार.
यावर ओरोस्मान म्हणायचा, नेल्बा, तुला कानच नाहीत.
नसतील. त्याला होते, त्याचं काय झालं?

माँतेविदेओतला आमचा फिल्म क्लब म्हणजे
बुटांच्या दुकानाखालचं तळघर.
नदीवरचा वारा झरोक्यातून आत घुसला की पडदा फुगायचा
आणि पॅरिसच्या सगळ्या बायका गरोदर दिसायच्या.
मी तिकिटं फाडायचे. पदरमोड करून रिळं यायची,
तीही कापलेली:
चुंबनाआधीच सकाळ व्हायची,
संपाची सभा भरायची आणि भाषणाशिवाय पांगायची.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार.
पण कापलेलं मनात जोडून घेणारे तसले प्रेक्षक
मला पुन्हा भेटले नाहीत.

शेवटच्या रांगेत सार्जंट अनिबाल.
साधे कपडे, सरकारी बूट, मांडीवर वही.
त्यालाही आम्ही तिकीट लावायचो.

एका जुलैत ध्वनीचा दिवा उडाला.
पडद्यावर लग्नाची वरात, तोंडं हलतायत, आवाज नाही.
ओरोस्मानने पुढच्या खुर्चीच्या पाठीवर बोटं ठेवली.
रविवारी आमच्या गल्लीतून ढोल फिरतात, तो ताल.
आधी बोटं, मग तळहात.
सिनेमा हंगेरीचा होता की स्वीडनचा, आठवत नाही;
वरात मात्र त्या रात्री आमच्या गल्लीतून गेली.
पार्श्वसंगीताबद्दल मी एवढं एकच चांगलं बोलेन.

चौथ्या रात्री जिन्यावर पावलं.
पुढचं सांगून झालंय: फ्रीज.

फायली उघडल्या तेव्हा मी साठीची होते.
अनिबालचं अक्षर शाळकरी मुलीसारखं, गोल.
'पूर्वार्ध लांबला आहे. म्हाताऱ्याचं काम उत्तम.
शेवट पटला नाही. प्रेक्षक एकोणीस. आक्षेपार्ह काही नाही.'
पानामागून पान.
वर्तमानपत्रात इतकी नेटकी परीक्षणं मी वाचली नव्हती.
'तिकीट फाडणारी बाई शेवटी रडली.
संगीत नव्हतं. कारण समजलं नाही.'

आणि उलटल्यावर, त्याच शाईत:
'खुर्ची वाजवली.' खाली नाव, पत्ता, मजला.

त्याचा बूट त्या तालावर हलत होता
हे त्याने लिहिलं नाही.
मी पाहिलं होतं. मी दाराशी, त्याच्याच मागे, उभी असायचे.

या माणसाचं काय करायचं मला कळत नाही.
माफी मला सिनेमातसुद्धा पटत नाही.
पण त्या म्हाताऱ्याच्या सिनेमाबाबत तो साफ चुकला:
शेवट बरोबरच होता.
म्हातारा घरी येतो, दार उघडं, आत कुणी नाही,
आणि कॅमेरा नुसता थांबतो,
चुलीवरच्या पातेल्याचं झाकण थडथडत राहतं.
हे मला त्याला तोंडावर सांगायचं आहे. जिवंत असला तर.

खिमेना बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.
'तुला काहीच वाटलं नाही?'
बसथांब्यावर आम्ही एकाच नळीने आळीपाळीने माते ओढत राहिलो.
लांबून कुठून तरी ढोल. रविवार नव्हता.
माझी बोटं बाकाच्या पाठीवर, थंडीने ताठरलेली.
ती हलली की नाही
हे कुणी लिहून ठेवू नये.