हद्दीचा दगड

सर्व्हेवाला जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरतो,
चार कोपऱ्यांवर चार खडे, खनिजाचेच, जड.
"हद्दीचा दगड कुठं होता?"
पुनो वेळीप बोट वर करतो
खाणीवरच्या रिकाम्या हवेत:
तिथं.
ती घार फिरतेय ना, तिच्या जरा खाली.

तिथं आमची कुमेरी. नाचणी, वरी.
उतारावर काजू, मग झर,
झरीचा पाट,
पाटाच्या टोकाला सुकडू गावकराचं कुळागर.

आता तळाशी हिरवं पाणी.
किती खोल, ते पंपवाल्याला ठाऊक,
आणि तो गेला होस्पेटला.
पलीकडे डंप, आमचाच डोंगर, उलटा करून ओतलेला.
त्यावर कंपनीच्या आकेशिया,
ओळीत, सगळ्या एकाच वयाच्या.
नकाशात ते 'वन'.
शेतात लाल गाळ,
सुकला की कौलासारखा वाजतो पायाखाली.
उताऱ्यावर अजून 'भात'.

सर्व्हेवाला पेन्सिल टेकवतो, उचलतो.
इतके रकाने,
हवेचा एक नाही.

पुनो वाकतो, एक खडा उचलतो,
तळहातावर तोलतो
आणि खिशात टाकतो.

नकाशाचा तेवढाच कोपरा
फडफडत राहतो.