कुत्रं

देगलूर रोडला, गफूरभाईच्या भंगारात
किलोवर मिळाल्या या विटा.
प्लास्टिकच्या, बोटाच्या पेराएवढ्या,
पाठीवर घामोळ्यासारखे उंचवटे.
कोण्या बंगल्यातलं लेकरू मोठं झालं असणार.
सव्वा किलो भरल्या.
त्यात एक मेलेलं झुरळ, जपमाळेचे दोन मणी,
आणि चाकं : आठ दात्यांची तीन,
चोवीस दात्यांचं एक.
त्याचाही एक दाता गेलेला.

शिवलीलानं बादलीत धुतल्या,
गच्चीवर तुरीशेजारी वाळत घातल्या.
मग दोन दिवस घरात बोलणं नाही,
नुसतं विटेवर वीट बसल्याचं
कट्, कट्.

मी डाळ मिलचा फिटर. उदगीरात एकोणीस वर्षं.
आमचा एलेव्हेटर तीन मजले तूर चढवतो.
हिनं खुर्चीच्या पाठीएवढा मनोरा उभा केला,
वर दांडी, दांडीला दोरा,
दोऱ्याला काड्यापेटी,
पेटीत तुरीचे सत्तावीस दाणे.
हँडल लावलं मोठ्या चाकाला.
पेटी उडाली, तूर पलंगाखाली.

मी काही बोललो नाही.

तिनं चाकांची अदलाबदल केली.
इकडं तीन फेऱ्या, तेव्हा तिकडं एक.
पेटी चढायला लागली
दम खात खात,
जिना चढणाऱ्या जाड मामीसारखी.
"पप्पा, जोर आला. पण वेग कुठं गेला?"
"त्यो विकूनच तर जोर घेतलास."
(मिलच्या मालकाला हेच सांगताना
माझी जीभ अडखळते.)

पण हँडल सोडलं की पेटी धपकन खाली.
पुन्हा दाणे वेचा, पुन्हा मोजा.
चौथ्यांदा रडकुंडीला आली, तेव्हा म्हणालो,
"ह्याला कुत्रं पायजे."
"कुत्रं? कामून?"
"रहाटाला असायचं. लाकडाची जीभ.
पुढं जाऊ देतं, मागं येऊ देत नाही."
"भुंकतं का मग?"
"भुंकतं की. माझा आजा बाजेवर पडून ऐकायचा.
भुंकणं थांबलं, की समजायचं
बैल थांबले."

निळी लांबट पट्टी, खुंटीवर सैल,
माझ्या डब्याच्या रबरानं ओढलेली.
टक्.
ती हसली नाही. कान देऊन ऐकलं.
टक्, टक्.

साडेनऊला लाइट गेली.
अंधारातच फिरवत राहिली ती.
मी पडल्या पडल्या मोजत होतो :
तेवीस टक्, मग एक खड्डा,
तिथं पेटी जराशी कचरत असणार,
मग पुन्हा तेवीस.
मिलमध्येही मी दुखणं असंच धरतो,
पट्ट्याला कान लावून.

मग आवाज बंद.

उठून बॅटरी मारली.
पोरगी फरशीवरच झोपलेली, हात उघडा.
पेटी अधांतरी, टोकाच्या चार बोटं खाली,
कुणी धरलेली नाही.
निळं कुत्रं दात्यात दात रोवून बसलेलं.

सहाची शिफ्ट होती.
तरी उकिडवा बसून राहिलो,
पेटी कधी पडते ते बघत.

पडली नाही.