माप

नागभीडच्या बाजारओळीत बाबांची मशीन.
माप घेताना ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे,
टेप सांगायची, बोटं ऐकायची.
कुणाचा डावा खांदा उतरलेला,
कुणाला तिसरा महिना,
वहीत नुसते आकडे.

मग प्रफुलदादानं नागपूरहून आणला
खेळायचा कॅमेरा, जुन्या बाजारातला.
बल्ब मालवला तरी तो आम्हाला बघत होता.
टीव्हीवर आमची हाडं नाचली,
हिरवी, काडीकाडीची.
साध्या मोबाइलमधून पाहिलं तर
भिंतभर ठिपके, माझ्या फ्रॉकवरही,
धानाचं बी फेकल्यागत.
बाबा दारातून म्हणाले,
"हे कायले मोजते रे?
कोनाचे कपडे शिवाचे हायेत?"

आम्ही हसलो.

आता मोबाइल माझं तोंड पाहून उघडतो.
एकदा मी झोपेत असताना
नवऱ्याच्या हातात उघडला.
परवा कॉलेजची पोर म्हणाली, टेप कशाला ताई,
ॲपसमोर एक गिरकी घ्यायची, ब्लाउज घरी येतो.
मापं मग कुठं राहतात, मी विचारलं.
ती पिकोचा धागा निवडत राहिली.

बाबा गेले तेव्हा ट्रंकेत सत्तावीस वह्या निघाल्या.
छत्तीस, अठ्ठावीस, साडेचौदा...
अख्खी बाजारओळ होती त्यात,
ओळखू मात्र कुणीच येईना.
एका पानावर आकड्यांखाली
पेन्सिलीनं लिहिलेलं,
बाही मनगटापर्यंत. हात झाकायचा आहे.

का, ते लिहिलेलं नाही.